नाताळच्या दिवशीचं कुलूप

कोल्डस्लो फार्म, डर्बीशायर
८ ऑक्टोबर

सायकलसम्राज्ञी एनिड हिला धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझ्या क्लबाचे माझ्यावर फार उपकार झाले आहेत. डोंगरातल्या सायकलवाटांचा जो नकाशा तुम्ही उन्हाळ्यात छापलात, त्यात माळावरून ओढ्यापर्यंत उतरणारी माझ्या शेतातली गाडीवाट दाखवली आहे आणि शेजारी ‘प्रेमळ शेतकरी’ असं लिहिलं आहे. हा प्रेमळ शेतकरी कोण, असं मी आमच्या फ्लायला विचारलं. कुत्री असूनही तिने मान फिरवली.

आता दर रविवारी चिखलाने माखलेली माणसं, चड्डीला आतून उशी शिवून, माझ्या अंगणातून सुसाट जातात. जाईनात का. बाबांनी कधी कोणाला अडवलं नाही, मीही अडवलं नाही. पण गेल्या महिन्यात त्यातल्या एका दीडशहाण्याने फाटक उघडं टाकलं आणि आमचा कर्नल मेंढा वेळेच्या कितीतरी आधी मेंढ्यांत जाऊन पोचला. कर्नलची काही तक्रार नाही. पण कोकरं आता एप्रिलच्या गवतात न होता फेब्रुवारीच्या बर्फात होणार, आणि ती जगवायला गोठ्यात तुझे क्लबवाले बसणार नाहीत, मी बसणार आहे.

अडुसष्टाव्या वर्षी, नवा खुबा बसवून घेतल्यावर, चारचौघी बायका विणकाम करतात. तू उतारावरून सायकल सोडतेस. सोड बापडी, पण तुझ्या मंडळींना फाटक लावायला शिकव.

लोभ आहे तेवढाच राहू द्यावा. वाढवलास तर ठेवायला गोठ्यात जागा नाही.

तुझा,
क्लिफर्ड


शेफील्ड
१५ ऑक्टोबर

चि. क्लिफर्ड यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर पाहून आधी वाटलं, कर्नलनेच लिहिलं.

फाटकाबद्दल मनापासून माफी मागते. परवाच्या सभेत सगळ्यांना उभं करून फाटक लावायचा धडा दिला. इतकी वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण एवढा आवाज चढवायची वेळ आली नव्हती. नकाशातला ‘प्रेमळ’ हा शब्द माझा होता. पुढच्या आवृत्तीत चूक दुरुस्त करते.

आता चेष्टा पुरे. माळावरून गावात उतरायला तुझी वाट सोडली, तर उरतो तो खाणीच्या ट्रकांचा रस्ता. आमच्यातली रूथ, जेमतेम पंचविशीची पोर, त्याच रस्त्यावर ट्रकचा धक्का लागून कडेच्या दगडी गडग्यावर आदळली. खांद्याचं हाड मोडलं, मान थोडक्यात वाचली. म्हणून क्लबाने काउन्सिलकडे अर्ज केला आहे, की तुझी वाट सार्वजनिक म्हणून नोंदवावी. कायदा तुला ठाऊक आहे. वीस वर्षं लोक बिनदिक्कत ये-जा करत राहिले, की वाट सगळ्यांची होते. अर्जावर सचिव म्हणून सही माझी आहे. गावात कोणी तुझ्या कानाला लागण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते आहे. सोबत आल्याचा केक पाठवला आहे, तो लाच समजून खा.

राग जाईल तेव्हा जाईल, तोवर माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
एनिड


कोल्डस्लो फार्म
५ नोव्हेंबर

एनिड हीस, स. न. वि. वि.

केक पोचला. लाच म्हणून जरा कोरडा होता.

काउन्सिलचा माणूस येऊन माझ्याच फाटकाच्या खांबाला नोटीस ठोकून गेला. हातोडा विसरला होता, म्हणून माझा मागितला. मी दिला. प्रेमळ शेतकरी ना मी!

कायदा तू सोयीपुरता अर्धाच सांगितलास, बाई. उरलेला अर्धा बाबांनी आपल्या दोघांना शिकवला होता. मालकाने वर्षातून एक दिवस फाटकाला कुलूप घातलं, की वाट मालकाची राहते. म्हणून बाबा दर नाताळला कुलूप घालत, कारण त्या दिवशी माळावर चिटपाखरूही नसतं आणि कोणाची गैरसोय होत नाही. कोणाची म्हणजे, तुझी सोडून. खालच्या रस्त्यावर ओढ्याचं पाणी चढलेलं असतं, म्हणून तू माळावर गाडी लावून, पुडिंगचं भांडं काखोटीला मारून, त्या फाटकावरून चढून येतेस. डेनिस होता तेव्हा नवऱ्याचं कर्तव्य म्हणून तो खालून टेकू द्यायचा. आता एकटी चढतेस. खुबा बदलला तरी चढतेस.

वाट सार्वजनिक झाली, की कोकरांच्या दिवसांतही ती मला बंद ठेवता येणार नाही. दोन्ही अंगांना गाभण मेंढ्या असतात. सायकलींना आणि मोकळ्या कुत्र्यांना बुजून पळाल्या, की गाभडतात. माझं वर्ष त्या कोकरांवर निघतं, हे तुला नव्याने सांगायला नको.

काउन्सिल आता तुला विचारणार, फाटक कधी बंद असायचं का. अर्ज तुझ्या एका शब्दावर उभा आहे. काय सांगायचं ते सांग. पण ‘कधीच नाही’ असं सांगितलंस, तर यंदाचं पुडिंग तुझ्या क्लबाला खाऊ घाल.

मी उत्तराची वाट पाहत नाही, असं फ्लायला सांगून ठेवलं आहे. तिचा विश्वास बसलेला नाही.

तुझा,
क्लिफर्ड


शेफील्ड
२८ नोव्हेंबर

चि. क्लिफ, आशीर्वाद.

अभिनंदन! तू जिंकलास.

मी काउन्सिलला लिहून दिलं, की नाताळला फाटकाला कुलूप असतं, दर वर्षी असतं, आणि त्यावरून चढताना मी स्वतः एक चांगला स्कर्ट आणि एकदा अख्खं पुडिंग गमावलं आहे. खोटं लिहिता आलं असतं. नाताळला माळावर साक्षीला असतं कोण? तुझ्या मेंढ्या. पण लिहायला घेतलं आणि बाबा डोळ्यांपुढे आले, तोंडात पाइप, हातात किल्ली. नाही जमलं.

क्लबाने माझा यथोचित सत्कार केला. सचिवपद काढून घेतलं. मिस्टर प्रेस्कॉट, ज्यांची सायकल तुझ्या ट्रॅक्टरपेक्षा महाग आहे, त्यांनी मला भर सभेत घरभेदी म्हटलं. त्यांचं घर कोणतं ते विचारायचं राहून गेलं.

रूथ मात्र भेटायला आली. रागावली नाही, तेच जास्त लागलं. तिने सायकल विकली. त्या ट्रकांच्या रस्त्यावर पुन्हा जायची छाती होत नाही, म्हणाली. मी तिला चहा दिला, आणि ती गेल्यावर स्वयंपाकघरात बसून रडले. कागदावर लिहिते आहे म्हणून लिहिलं, तोंडाने सांगितलं नसतं.

यंदा मी येत नाही. गावात विचारलं तर खुबा दुखतो म्हणून सांग. मी खरं बोलले याचा मला पस्तावा नाही, पण त्या कुलपाकडे बघायची यंदा इच्छा नाही. पुडिंग पोस्टाने धाडेन.

सांभाळून राहा, आणि जमलं तर तुझ्या या घरभेदी बहिणीवर जीव असू दे.

एनिड


कोल्डस्लो फार्म
९ डिसेंबर

प्रिय एनिड हीस, स. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून बरेच कागद चुलीत घातले. हा तेवढा वाचला.

डेनिस गेला, त्या नाताळला माझ्या मनात आलं, ही आता एकटीच येणार, हातात भांडं, डोळ्यांत पाणी, तिला कशाला चढायला लावायचं. म्हणून कुलूप घातलं नाही. साखळीला नुसतं लटकवून ठेवलं. हात लावला असतास तर फाटक उघडलं असतं. पण तू हात लावलास कुठे? लांबून कुलूप पाहिलंस, स्कर्ट सावरलास आणि चढलीस. मी खिडकीतून बघत होतो. म्हटलं, पुढच्या वर्षी कळेल. पुढच्या वर्षीही चढलीस. अख्ख्या शेफील्डच्या पोरांना जगाचा नकाशा शिकवलास, पण फाटक ढकलून पाहावं, हे काही तुला सुचलं नाही. त्यानंतर मी ते कुलूप कधीच लावलेलं नाही. त्याला वीस वर्षं होऊन गेली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मग कुलूप का लावलं नाही, तेही सांगावं लागलं असतं, आणि असलं काही बोलून दाखवायची आपल्या बॅगशॉंच्या घरात रीत नाही.

हे सगळं मी काउन्सिलला कळवलं. पुढे काय होणार ते फोन करून विचारलं, तर तिथल्या बाईने मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. वाट मागणारी बहीण म्हणते फाटक बंद होतं, वाट राखणारा भाऊ म्हणतो उघडं होतं. असे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारे लोक तिने पाहिले नसावेत. मग म्हणाली, माझं म्हणणं खरं ठरलं तर वाट माझ्या हातून जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. मेंढ्या मी वरच्या कुरणात हलवीन. तिथे वारा जास्त आहे, पण वारा ट्रकसारखा कोणाला गडग्यावर आदळत नाही.

रूथला सांग, सायकल परत घे. फाटकाला आपोआप लागणारी स्प्रिंग क्लबाने बसवावी. आणि मिस्टर प्रेस्कॉट यांनी फेब्रुवारीत कोकरांना बाटलीने दूध पाजायला यावं. फाटक त्यांच्याच क्लबाने उघडं टाकलं, तेव्हा कर्नलच्या पोरांत त्यांचाही थोडा हात आहे.

पुडिंग पोस्टाने धाडलंस तर परत पाठवीन. तू ये. तू आली नाहीस तर मी त्या दिवशी खिडकीत उभं राहून काय बघू?

लोभ वाढवायला हरकत नाही. गोठ्यात जागा करतो.

तुझा,
क्लिफ

ता. क. फाटकावर चढू नकोस. ढकल. आणि आत आल्यावर लावून घे, कर्नल मोकळाच आहे.