तगरीला पाणी

२९ मार्च

नाशिकच्या तमाम भाडेकरू बंधू-भगिनींनो, ही वही तुमच्या नावाने उघडते, कारण आपलं दुखणं एक आहे. घर आपण झाडायचं, दिवा आपण लावायचा आणि टाकीचा कॉक मात्र मालकाच्या मुठीत. आपण कधी आंघोळ करायची ते तो ठरवणार. आडनावावरून तो जात काढतो, फोडणीच्या वासावरून जेवण ओळखतो आणि वर म्हणतो, आम्ही तसलं काही मानत नाही हो!

माझा नवरा महेश खोके उघडत म्हणाला, स्नेहल, टाळ्या मी वाजवतो, पण आधी गॅस जोड.

खरं तर आज तक्रारीचा दिवस नाही. विद्यापीठात मराठी शिकवायला लागले आणि विद्यापीठाला लागूनच घर मिळालं. प्राध्यापकांची जुनी कॉलनी. बंगल्यांची नावं ‘मनन’, ‘चिंतन’, ‘अक्षर’. रस्त्यावर पर्जन्यवृक्षांची सावली, मधून फरसबंद फिरण्याचा ट्रॅक, गंगापूर रोडचा गोंगाट इथे पोचत नाही. आमच्या घराला मात्र नाव नाही. ते सर्वांत शेवटी बांधलं आणि नंतर काही वर्षं बंदच होतं. एका भिंतीला लागून सोसायटीचं सभागृह. त्याच्या गच्चीवर सगळ्या कॉलनीची सामाईक टाकी. घरमालक रंगनाथ देवरे सर सोसायटीचे सचिवही आहेत, शेजारीच राहतात. वरच्या खोलीत कळवणची निकिता, एम.ए. करते, चपला न वाजवता जिना चढते.

परसात एक वाळकं झुडूप आहे. तगर असावी. नुसत्या काड्या.

२ एप्रिल

दुपारी जेवायला बसले तेव्हा मागच्या दाराशी बाई आली. दिसली नाही, आवाज ऐकला. पानी हाय का गं, ताई? वयस्क, घसा बसलेला. तांब्या भरून नेला तर दारात कोणी नाही. फाटकाला कडी तशीच. उन्हात कुठे थांबणार, गेली असेल. भरलेला तांब्या परत आणू नये असं आमच्याकडे म्हणतात. मी काही मानत नाही, पण पाणी तगरीला घातलं.

काल आणि परवाही ती अशीच येऊन गेली. तगरीची चैन चालली आहे.

९ एप्रिल

तगर फुलली! फांद्यांना पानं फुटली कधी आणि कळ्या धरल्या कधी? आज पहाटे झाड पांढरंशुभ्र. आणि फुलाबरोबर आले फूलचोर. तेही साधेसुधे नव्हेत. तत्त्वज्ञानाचे निवृत्त विभागप्रमुख, अर्थशास्त्राच्या बाई आणि खुद्द आमचे सचिव. हातात प्लास्टिकच्या पिशव्या आणि कुंपणाबाहेरून फांदी ओढायला आकड्या. मी चहाचा कप घेऊन बाहेर गेले. कोणी दचकलंही नाही. देवाला नेतोय मॅडम, त्यात चोरी कसली, असं सर हसून म्हणाले. मी म्हटलं, सर, मग देवाच्या नावावर सातबाराही करून घ्या. त्यांना विनोद आवडला नाही.

महेश देवळ्याचा, पूजा केल्याशिवाय चहा घेत नाही. त्यानेही ओंजळभर तोडली. मी चिडवलं तर म्हणाला, तू भाषण कर, मी पूजा करतो. दोघांपैकी एकाचं तरी कोणीतरी ऐकेल.

देठ तुटला की तगरीतून दुधासारखा चीक येतो. त्याची बोटं चिकट झाली होती.

१६ एप्रिल

सोसायटीची वैशाखातली व्याख्यानमाला आहे. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी मी बोलायचं. सर स्वतः निमंत्रण घेऊन आले, नवी पिढी, धारदार वाणी वगैरे. आले आणि आधी पाणी मागितलं. तांब्या रिकामा केला. दुसरा मागितला.

हल्ली फिरायला निघालेल्या प्रत्येकाच्या हातात बाटली दिसते. बाकावर बसून पितात आणि बाटली उलटी धरून थेंबांची वाट पाहतात. यंदा ऊन फार आहे म्हणतात. महेशही उठून उठून पाणी पितो. कंपनीत मित्र त्याला उंट म्हणू लागले आहेत. हसतो, पण ओठांना चिरा पडल्या आहेत.

निकिताला विचारलं, तिला काही नाही. मलाही नाही. आम्ही दोघी पूजा करत नाही.

२१ एप्रिल

आज कळलं. राग इतका आला आहे की अक्षर वळत नाही, तरी सगळं लिहिते.

मनीषाकाकू, म्हणजे देवरे सरांची पत्नी, गव्हाचं पीठ मागायला आल्या. मी सहज म्हटलं, दुपारी कोणी म्हातारी पाणी मागायला येते. काकूंच्या हातातली वाटी खाली पडली. मग बसल्या, पाणी प्यायल्या आणि बोलल्या. असं बोलल्या जसं कोणी भाजी कशी करपली ते सांगावं.

हा सगळा अंबूबाईचा मळा. तिच्या दिरांनी तो विकला, कॉलनी झाली. हा शेवटचा तुकडा मात्र तिने सोडला नाही. तगर, शेवंती लावायची, फुलं बाजारात नेऊन विकायची. कालव्यावरून तिच्यापर्यंत पाण्याची चारी येत होती. सोसायटीने ती बुजवली आणि वर ट्रॅक केला. फिरायला जागा नको का गं? मग ती दारोदार हंडा घेऊन यायची. तेव्हा सभेत ठरलं, हिला कोणी पाणी द्यायचं नाही. वळण लागेल, विकून टाकेल. काकू म्हणाल्या, कुणाच्या जिवावर नव्हतं हो उठायचं.

करोनाच्या आदल्या वर्षी वैशाखात ती तापाने खोपटात पडली. संध्याकाळी व्याख्यान चालू होतं, ‘संतांची करुणा’. ती ओरडत होती, पानी द्या गं कुनी. काकू म्हणाल्या, अगं किती ओरडायची ती बाई! शेवटी ह्यांनी माईकवाल्याला आवाज वाढवायला सांगितला. पाहुणे वक्ते होते ना.

सकाळी ती गेलेली होती. पुतण्याने जमिनीच्या कागदावर सही केली. खोपटाच्या जागी हे घर झालं. तगर तेवढी ठेवली, देवाला होईल म्हणून.

पुस्तकांच्या भिंती असलेली घरं आहेत ही! एका बाईला तहानेने मारून पुन्हा तिच्याच झाडाची फुलं देवाला वाहणारे हे लोक. पिऊ देत. पीत बसा म्हणावं, नदी आटेपर्यंत पीत बसा. आज त्यांच्या रिकाम्या बाटल्या बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

पण महेशने काय केलं आहे?

२४ एप्रिल

महेशला दवाखान्यात ठेवलं. सलाईन लावलं आहे, रक्त-लघवी सगळं तपासलं, काही सापडत नाही. डॉक्टर म्हणतात साखर नाही, मूत्रपिंडं चांगली. मग पाणी जातं कुठे? हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहते. माझ्याकडे बघून म्हणाला, स्नेहल, जिभेला माती लागतेय.

घरी आले. दोन दिवस मी तगरीला थेंब घातलेला नाही. बुडाशी हात घातला. चिखल. गार, ओला चिखल, कोपरापर्यंत.

पाणी इथे येतं.

२५ एप्रिल

झाड तोडायला गेले. कोयता लावला तर दवाखान्यातून फोन आला, महेश एकाएकी ओरडला, मनगट धरून ओरडला. कोयता ठेवून दिला.

दुपारी दारात आवाज. मी म्हटलं, आजी, तो माणूस तेव्हा इथे नव्हताच. त्याने तुला नाही म्हटलं नव्हतं. त्याला सोड. तांब्या उंबऱ्यावर ठेवला. बघता बघता आतलं पाणी खाली गेलं.

हिला काय हवं असेल? न्याय. तिचा आवाज ज्या माईकने दाबला त्याच माईकवरून तिचं नाव घेईन. कबूल करवीन एकेकाकडून. शब्दावर माझा विश्वास आहे. दुसरं आहे काय माझ्याजवळ?

१ मे

बोलले. सगळं बोलले. चारी, हंडा, सभा, वाढवलेला आवाज. समोर बसलेल्यांची नावं घेतली. तुम्ही खून केला आहे, आणि खुनाची फुलं देवाच्या डोक्यावर ठेवली आहेत, असं म्हणाले. समोर सगळे मांडीवर बाटल्या घेऊन बसलेले. पीत होते आणि ऐकत होते.

शेवटी धिक्कार म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि माझ्या घशातून दुसराच आवाज आला. पानी द्या गं कुनी. तीनदा आला. मी थांबवू शकले नाही.

त्यांनी टाळ्या वाजवल्या.

उभं राहून वाजवल्या. सर म्हणाले, अंगावर काटा आला मॅडम, काय तो अभिनय! आत्मपरीक्षणाला लावणारं व्याख्यान. शाल दिली, वर तगरीचा गजरा.

घरी आल्यापासून मला आवाज नाही. कुजबुजसुद्धा नाही.

२ मे

ही वही आता सोबत घेऊनच फिरते. बोलायचं ते लिहून दाखवते. महेशला लिहून दाखवलं, घाबरू नको. त्याने वाचलं नाही. डोळे उघडेच आहेत, पाणावत नाहीत. डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या.

टाळ्या कानातून जात नाहीत. ऐकून घेतात, टाळ्या वाजवतात, घरी जाऊन जेवतात. अशांना शब्दाने काय होतं? मी आयुष्यभर वाऱ्यावर दगड मारले.

दुपारी दारात गेले. वही उघडून धरली. लिहिलं होतं, काय घेशील आणि माझा माणूस सोडशील?

या वेळी ती अगदी कानाशी बोलली.

समद्यांना दे. मग तुजा घे.

३ मे

केलं.

पहाटे, ते आकड्या घेऊन यायच्या आधी. सगळं झाड ओरबाडलं. दोन पिशव्या. सभागृहाच्या मागची लोखंडी शिडी, गच्ची, टाकीचं झाकण. फुलं पाण्यावर क्षणभर तरंगली आणि विरघळली. पाणी दुधासारखं झालं, मग पुन्हा नितळ.

लिहून ठेवते, मला आनंद झाला. ‘मनन’मध्ये नळ सुटला तेव्हा मी खाली उभी राहून ऐकत होते.

सकाळी दवाखान्यात — महेश उठून बसला होता! अर्धा ग्लास पाणी प्यायला आणि पुरे म्हणाला. पुरे! त्या एका शब्दासाठी मी अजून दहा टाक्या भरल्या असत्या.

त्याला लिहून दिलं, उद्या सोडलं की थेट देवळ्याला जा. घरी येऊ नको. मी सामान घेऊन येते. का, ते लिहिलं नाही. कसं लिहिणार?

४ मे, सकाळ

कॉलनीत कोणी फिरायला आलं नाही. पडदे ओढलेले. ‘चिंतन’मध्ये कोणीतरी फरशी चाटल्यासारखा आवाज — की मला भास —

देवापुढे वाहिली तर ती गत झाली. पोटात गेली तर काय होतं याचा मी विचारच केला नव्हता.

खोके बांधले.

४ मे, दुपार

निकिता जिन्यात बसली आहे. नखं काळी पडली. बाटली दोन्ही हातांनी धरलेली. ताई, हे पाणी संपतच नाही हो, म्हणाली, तहान म्हणायचं होतं बहुतेक —

निकिता. ती पण त्याच टाकीचं —

कॉलनीतल्या सगळ्या भाड्याच्या खोल्या, सगळी पोरं. विद्यापीठात शिकायला आलेली. ज्यांच्या नावाने मी वही — मी काय केलं?

टाकी रिकामी करते. खालचा व्हॉल्व्ह उघडला की —

४ मे, संध्याकाळ

गच्चीवर आहे. व्हॉल्व्ह गंजलेला. हात सोलले. फिरत नाही. टाकी भरतेच आहे.

शिडी नाही. आज व्याख्यान आहे. देवरे सर शिडी काढून नेत होते, कर्णा बांधायला. मी वरून हात हलवले. वर बघितलंच नाही. चालणं बघवत नव्हतं — सगळे सुकलेले, तरी सभागृहासमोर खुर्च्या मांडतात —

फोन घरात, ओट्यावर.

माईक सुरू. दगडाने टाकी बडवली. सरांनी हात वर केला. आवाज वाढवला.

फाटक वाजलं. रिक्षा. कोण —

महेश.

देवळ्याला जा म्हटलं होतं रे. मला न्यायला आला. चांगला चालतोय. घामाघूम. परसात आला. नळाकडे —

ओरडते आहे. घशातून वारा. नुसता वारा.

पान फाडून दगडाला गुंडाळून फेकते. वर बघ. एकदा वर बघ.

महेश, हे पाणी पिऊ नको. नळ बंद कर. तोंडाजवळ नेऊ नको, ओंजळ खाली सोड, महेश, ओंजळ सो—