पापांच्या आधीची माफी

आबा, त्या चित्रपटातला शेवटचा प्रसंग तुम्ही सगळ्यांत आधी केला होता, हे पडद्यासमोर बसलेल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण त्या संध्याकाळी तुम्ही तोंडावरचा रंग न पुसताच घरी आला होतात. आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही चुलीजवळ पाट ओढून बसलात आणि म्हणालात, "आज रडलो. ग्लिसरीन न्हाय, काय न्हाय." आईने तव्यावरची भाकरी उलटली. "कशापायी?" तिने विचारलं. "ते कुनाला म्हाईत," तुम्ही म्हणालात. "गोष्ट अजून लिवायची हाय."

झालं होतं ते असं. देवळाचा सेट आधीच्या चित्रपटासाठी बांधलेला होता आणि दोन दिवसांत तो मोडायचा होता. ती जागा दुसऱ्या चित्रपट कंपनीने घेतलेली. नवा सेट बांधण्यापेक्षा उभ्या देवळात आपला शेवट उरकून घेऊ, असं दिग्दर्शकांनी ठरवलं. गोष्टीचा सांगाडा तेवढा त्यांच्या डोक्यात होता. धाकट्या दिराने विधवा भावजयीला आणि तिच्या पोराला घराबाहेर काढायचं, आणि शेवटी देवळाच्या पायरीवर तिचे पाय धरायचे. दीर तुम्ही. तुम्ही त्यांना विचारलंत, "मी केलंय काय काय, ते तरी सांगा." ते म्हणाले, "भावजयीला घराभाईर काढलंसा, तेवढं बास. पाय धरा, रडा. पापं मागनं लिवतो." हे तुम्ही आम्हाला नक्कल करून सांगितलंत आणि आई हसली. मग तुम्ही थाळीकडे बघत, कुणाला उद्देशून नाही असं, म्हणालात, "नेसरीच्या म्हातारीची आठवन काढली. दुसरं काय सुचंना." तुमची आई गेली तेव्हा तुमचं चित्रीकरण चालू होतं आणि तुम्ही नेसरीला तिसऱ्या दिवशी पोचलात, एवढं मला ऐकून माहीत होतं. त्यावर तुम्ही घरात कधी बोलला नव्हतात. त्या दिवशीही तेवढंच बोललात आणि भाकरी मोडलीत.

तोवर आठ वर्षं तुम्ही दुष्ट माणसंच करत होतात. तुमचा आवाज घोगरा होता, भुवया जाड होत्या आणि उजव्या गालावर लहानपणी बैलाचं शिंग लागल्याचा वण होता. कंपनीला वणसुद्धा रंगवावा लागत नसे. घरात तुम्ही मोठ्याने बोलत नव्हता. शेजारच्या बायका मात्र मला जवळ घेऊन हळूच विचारायच्या, "मारतो व्हय गं तुझा बा?" मंडईत एकदा तुम्ही वांगी निवडायला वाकलात तर भाजीवालीने पाटी मागे ओढली. "हात लावू नगासा," ती म्हणाली. "त्या गरीब बाईला हिरीत ढकललंसा, आनि आता वांगी पायजेत?" तुम्ही म्हणालात, "मावशे, ती बाई काल आमच्याकडं जेवून गेली." "गेली असंल. तिचं मन मोटं. माझं न्हाय," म्हणून तिने वांगी आईच्या पिशवीत घातली, तुमच्या हातात दिली नाहीत. तुम्ही हसलात. वाटेत आई म्हणाली, "एवढं काम पटतंय, चांगलंच हाय की."

तुम्ही कधी आमच्याबरोबर चित्रपटाला बसला नाहीत. तुम्ही पडद्यावर आलात की बायका बोटं मोडायच्या आणि पडद्याजवळच्या स्वस्त पिटातून शिव्या यायच्या, आणि त्या शिव्या आईच्या शेजारी बसून ऐकणं तुम्हाला नको होतं. म्हणून या चित्रपटाकडून तुमची एवढी आशा. दिग्दर्शकांनी कबूल केलं होतं की, ही माफी लोकांनी मान्य केली तर पुढच्या चित्रपटातला थोरला भाऊ तुम्ही. थोरला भाऊ म्हणजे सगळं सोसणारा, शेवटी ज्याच्या पाया पडतात तो. "एकदा तुमच्यासंगट बसून बघायचं हाय," तुम्ही म्हणाला होतात. मी बारा वर्षांची होते आणि मला ही अगदी साधी गोष्ट वाटली होती.

पण पापं मागून लिहिली गेली. मुंबईचा वितरक आला, त्याने झालेलं काम पाहिलं आणि म्हणाला, खलनायक मवाळ आहे. मग दिराने भावजयीच्या विहिरीवरचा दोर कापला. तेही पुरेना. मग तापाने फणफणलेल्या पोराला वैद्याकडे न्यायला त्याने दारातली बैलगाडी दिली नाही, आणि ते पोर चालत्या आईच्या खांद्यावर वाटेतच गेलं. ते काम तुम्ही फार चांगलं केलंत. गाडीच्या जुवावर हात ठेवून नुसतं "न्हाय" म्हणालात. त्या रात्री जेवताना मात्र तुम्ही आईला म्हणालात, "पोर मारलं त्यांनी. आनि माफीत पोराचं नावच न्हाय." तुम्ही दिग्दर्शकांकडे गेलात, तो प्रसंग पुन्हा करू म्हणालात. देऊळ मोडलेलं होतं, कच्ची फिल्म मिळत नव्हती. ते म्हणाले, "कोन एवढं ध्यान दिऊन बघतंय? रडलाय न्हवं झकास?"

चित्रपट कोल्हापुरात लागला, तेव्हा पहिल्या आठवड्यात तुम्ही आम्हाला दोघींना पाठवलंत. तुम्ही मला दारात थांबवून सांगितलंत, "शेवटाला पडद्याकडं बघू नगंस. मानसांकडं बघ. काय म्हनत्यात ते ऐक आनि मला येऊन सांग." आईला नाही सांगितलंत, मला सांगितलंत. आई खोटं बोलेल असं तुम्हाला वाटलं असावं.

आम्ही बायकांच्या बाजूला, बाकावर. पोर गेलं तेव्हा सगळं थिएटर रडत होतं. मागची एक म्हातारी पदर तोंडात घालून बसली होती. मग देऊळ आलं. तुम्ही पायरीवर वाकलात, किल्ली पुढे केलीत. "वैनी, ही घराची किल्ली. चुकलो." आणि तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात, भावजयीच्या पदराला धरलेला एक लहान हात दिसला. त्या दिवशी पोर जिवंत होतं, तिच्याशेजारी उभं होतं. फिल्म कापून जोडणाऱ्याने पोराला चित्राबाहेर काढलं होतं, हात राहून गेला होता. पिटातून कुणीतरी ओरडलं, "पोर जित्तं झालं की रं!" आणि हशा उसळला.

हे मी विसरू शकले असते. हसू थोडा वेळ टिकलं आणि गेलं. लोकांनी तो हात मनावर घेतला नाही, आपल्याकडे लोक अशा चुका सोडून देतात. पण मग शांतता झाली, पडद्यावर तुम्ही रडत होतात, खरं रडत होतात, आणि मागची ती म्हातारी अगदी घरातल्यासारख्या आवाजात म्हणाली, "आनि पोराचं काय, मुडद्या? त्येचं बोल की." पुढच्या बाकावरच्या दोघी वळल्या आणि म्हणाल्या, "व्हय की." भावजय म्हणाली, "उठा भावजी," आणि तिने किल्ली घेतली, तशा बायका उठून चपला शोधायला लागल्या. शेवटची पाटी कुणीच पाहिली नाही. रागावून उठल्या नाहीत. त्यांचं तुमच्याशी काम संपलं होतं.

त्या बायकांचं म्हणणं काय होतं हे समजायला मला पुष्कळ वाचावं लागलं. माणूस बदलतो हे त्यांना अमान्य नव्हतं. घराघरांत बदललेले दीर त्यांनी पाहिले असतील. त्यांना एवढंच हवं होतं की, त्याने जे केलं त्याचं नाव घ्यावं. किल्लीसाठी मागितलेली माफी पोरासाठी चालत नाही. तुमचे अश्रू पडद्यावरच्या सगळ्या गोष्टींत एकटे खरे होते, पण ते नेसरीच्या म्हातारीचे होते, आणि थिएटरात तिला कुणी ओळखत नव्हतं.

तुम्ही उंबऱ्यावर बसून वाट बघत होतात. आई सरळ आत गेली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी म्हणाले, "बायका रडल्या."

"शेवटाला?"

"व्हय. शेवटाला."

"कोन काय म्हनलं?"

"एक म्हातारी म्हनली, चुकतंय मानूस."

हे वाक्य मी कुठून आणलं मला माहीत नाही. तुम्ही उंबऱ्यावरून उठलात. मग माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि आत जाऊन आईला म्हणालात, "चा टाक."

पुढच्या चित्रपटात दिग्दर्शकांनी तुम्हाला पुन्हा दुष्ट पाटील देऊ केला. तुम्ही नको म्हणालात. थोरला भाऊ कबूल केलाय, म्हणालात. लोकांनी मला माफ केलंय. ते म्हणाले, "कोन म्हनलं?" तुम्ही म्हणालात, "माजी पोरगी बघून आलीया." त्यांनी पुढे काही विचारलं नाही, म्हणे. थोरला भाऊ मुंबईहून आलेल्या एका गोऱ्यापान नटाने केला. पाटील दुसऱ्या कुणी केला आणि चांगला केला. तुम्ही घरी बसलात. एक वर्ष, मग आणखी थोडं. कंपन्या पुण्या-मुंबईकडे जायला लागल्या होत्या. शेवटी त्याच स्टुडिओत, कपडेपटात तुम्ही काम धरलंत. नव्या पाटलाच्या धोतराला इस्त्री करायचात. हे मी एकदा डबा घेऊन आले तेव्हा पाहिलं. तुम्ही काठ जुळवत होतात, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "ठेव तितं."

कपडेपटात जाण्याआधीचा तो एक दिवस. गडमुडशिंगीच्या जत्रेत तंबू लागला होता आणि त्यात तो चित्रपट आला होता. तुम्ही सायकलवर मला मागे बसवलंत. आईला सांगितलंत, जत्रा दाखवतो. तिन्हीसांजेचा पहिला खेळ. आत माणसं जमिनीवर, मधे दोर, इकडे बायका तिकडे पुरुष. म्हणजे तिथेही आपण एकत्र बसलो नाहीच. तुम्ही डोक्याला मफलर गुंडाळून पुरुषांत मधोमध बसलात. मी दोराच्या अलीकडून फक्त तुमच्याकडे बघत होते. शेवटाला सगळं तसंच झालं. हाताला हसले. मग कुणी म्हणालं, "पोराचं बोल." मफलर हलला नाही.

बत्त्या लावल्या तेव्हा तुमच्या शेजारच्या माणसाने तुमचा गाल निरखून पाहिला. "पावनं," तो म्हणाला, "त्यो तुमीच न्हवं?"

"व्हय."

"काम बेस केलंसा. पन एक सांगू? राग मानू नगासा."

"सांगा की."

"बायकू-पोरांचा मानूस हाय मी. गाडी दिली न्हाईसा, तवा उटून तुमचं नरडं धरावं वाटलं. आनि मागनं नुसतं चुकलो म्हनतासा. असं चुकलो म्हनून भागतंय व्हय?"

"न्हाय भागत," तुम्ही म्हणालात. "बरोबर हाय तुमचं." त्याने तंबाखू पुढे केली आणि तुम्ही ती घेतलीत. मी तुम्हाला त्याआधी कधी तंबाखू खाताना पाहिलं नव्हतं.

परतताना चढ लागला तशी आपण सायकल हातात धरून चाललो. तुम्ही विचारलंत, "कोल्हापुरात पन असंच म्हनत हुती मानसं?" मी म्हणाले, "न्हाय." तुम्ही थोडं पुढे गेलात. मग म्हणालात, "बरं." त्यानंतर सात वर्षं तुम्ही होतात. एकदाही मला त्यावरून बोलला नाहीत. बोलला असतात तर मी रडून मोकळी झाले असते, आणि कदाचित त्याचसाठी बोलला नाहीत. किंवा माझ्यावर दया केलीत. दोन्हीतलं काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. हे तुम्हाला विचारायला बसले होते. कागद संपत आला आणि विचारायची रीत सापडली नाही, तेव्हा हा असाच घडी घालून पुस्तकात ठेवीन.

मी कॉलेजात साहित्य शिकवते. दुष्ट माणसाचं मन पालटतं ते वाचणाऱ्याला कधी पटतं आणि कधी पटत नाही, यावर दर वर्षी एक तास घेते, आणि न पटण्याचं उदाहरण म्हणून तुमचा चित्रपट सांगते. मेलेल्या पोराचा हात आला की वर्ग हसतो. मी त्यांना हसू देते. नट कोण, ते सांगत नाही. गेल्या आठवड्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिने विचारलं, "बाई, लोक काय म्हणाले ते त्या नटाला नंतर कुणी खरं सांगितलं का?" मी म्हणाले, मला माहीत नाही, आणि हजेरी घ्यायला लागले.