हेडमास्तरांचा तुरा

८ जानेवारी
चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.
जावईबापूंचे दंड दारात मावतात ना अजून? त्यांनाही आशीर्वाद.
तू पक्ष्यांची डॉक्टर, म्हणून विचारतो. तुझ्या काकूने हौसेने वाढवलेल्या पांढऱ्या वाणाचा आपला हेडमास्तर हा शेवटचा कोंबडा. वय झालं. मागच्या खेपेस बारा अंड्यांतून तीनच पिल्लं, तीही माद्या. खाद्यवाल्याने नर-हॉर्मोनची इंजेक्शनं दिली, दर आठवड्याला टोचतो. आता तुरा लाल शाईच्या दौतीत बुडवल्यासारखा, आणि आरवणं तर शाळेतल्या कवितेतलं, सूर्याला हाताला धरून उठवणारं. पण सातव्या दिवशी अंडी दिव्यासमोर धरली, तर बाराही फोल. एकातही लाल रेघ नाही. तिचा वाण माझ्या हातून बुडणार, ही धास्ती.
लोभ आहेच, उत्तराने वाढव.
काका

१५ जानेवारी
ती. काकांस, सा. न.
आधी ती सुई फेका, आणि खाद्यवाल्याला म्हणावं, तू पेंडच विक. बाहेरून हॉर्मोन मिळालं की शरीराला वाटतं, आपलं काम दुसरा करतोय. मग ते आतलं काम थांबवतं. तुरा लाल, छाती फुगलेली, बीज शून्य. बडा घर पोकळ वासा. बंद केल्यावर तीन महिने वाट पाहा. म्हातारा आहे, खात्री देत नाही.
या वेळी पाळणा कधी हलणार ते विचारलं नाहीत, बरं वाटलं. तीन वर्षं दवाखान्यात मी एकटीच जाते. हे आरशासमोर उभे राहून विचारतात, माझ्यात काही कमी दिसतं का?
माया पातळ होऊ देऊ नका.
धाकटी

२० जानेवारी
चि. जावईबापूंस, आशीर्वाद.
हे पत्र फक्त तुम्हाला. उन्हाळ्यात तुमच्या बॅगेत कुप्या दिसल्या होत्या. व्यायामशाळेतलं ताकदीचं औषध, तिला सांगू नका, म्हणालात. सांगितलं नाही. परवा हेडमास्तरांच्या कुपीवर तेच नाव वाचलं. शाळेत आवडती कविता वहीत उतरवून घ्यायचो, तशा तिच्या पत्रातल्या चार ओळी खाली उतरवल्या आहेत. मीही तीच चूक केली, म्हणून रागावण्याचा हक्क मला नाही.
राग आला तरी लोभ ठेवा.
काका

६ एप्रिल
ती. काकांस, सा. न.
कुप्या त्याच दिवशी टाकल्या. तिला सांगायला मात्र आठवडा लागला. तिने उठून चहा केला, एकच कप. दुसऱ्या दिवशी दोन केले. आता दवाखान्यात दोघं जातो. डॉक्टर म्हणतात, धीर धरा. दंड उतरले, सदरे ढगळ झाले. ती म्हणते, आता दारातून सरळ येता.
हेडमास्तरांचं काय?
आपला जावई

१४ एप्रिल
चि. उभयतांस, आशीर्वाद.
तुरा फिका पडला आहे. आरवणं म्हणजे खोकल्याची उबळ. कोणत्याही कवितेत बसणार नाही. आज बारा अंडी दिव्यासमोर धरली. दहा फोल. दोन अंड्यांत लाल रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, आणि मधे एक ठिपका उडत होता. अंडी लगेच कोंबडीखाली परत ठेवली.
नर निघेल की मादी, अजून कळत नाही. काकूची पिल्लांची जुनी टोपली मात्र उन्हात ठेवली आहे.
काका