उरलेल्या गोळ्या आणि बादलीभर पाणी

अक्का, सगळं घर तुला अक्का म्हणायचं, म्हणून पोटची मुलगी असून मीही तेच म्हणत राहिले. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काल देवनहळ्ळीत सभेत उभी राहिले तेव्हा आधी तूच आठवलीस. येलहंक्याच्या ज्या प्रयोगशाळेत मी पाणी तपासते, तिथं तुझ्या धाकट्या लेकाच्या लेआउटमधल्या, म्हणजे देवनहळ्ळीच्या त्याच्या वसाहतीतल्या, बोअरवेलचं पाणी आलं होतं. त्यात अंगदुखीच्या आणि साखरेच्या औषधांचा अंश निघाला. शेजारच्या तळ्यात शहराचं सांडपाणी शुद्ध करून सोडतात, तेच खाली मुरतं. शुद्ध करताना घाण जाते, औषध सगळं जात नाही. उकळूनही जात नाही.

धाकटा तिथल्या समितीचा सेक्रेटरी. म्हणाला, "ताई, सभेत नको गं काढूस. स्वल्पच तर आहे. लोक माझ्या अंगावर येतील." क्षणभर मलाही वाटलं, जाऊ दे. पण तेवढ्यात मला आपलं जुनं स्वयंपाकघर दिसलं. गौरीचं जेवण, बाहेर पंगत बसलेली, आणि तू तांब्या नाकाशी धरून उभी. पाण्याला रॉकेलचा वास येतोय. अप्पा डोळ्यांनी खुणावतायत, पाहुण्यांसमोर नको. तू सरळ पंगतीत येऊन सांगतेस, "कुणी पाणी पिऊ नका, वास मारतंय. शेजारून आणते, तोवर थांबा." नंतर अप्पा केवढे चिडले. "माझी अब्रू गेली तर गेली," तू म्हणालीस, "कुणाचं पोट बिघडलं असतं म्हणजे?" एवढंच बोलून भांडी घासायला बसलीस.

त्या जोरावर काल मी बोलले बघ. एका घोटानं काही होत नाही, पण रोज, वर्षानुवर्षं पिऊन काय होतं ते आम्हालाही नीट ठाऊक नाही, तोवर पिऊ नका, असं कन्नडात सांगून टाकलं. आरडाओरड झाली, धाकट्याला चार शब्द ऐकावे लागले. एक पोटुशी मुलगी मात्र मुकाट्यानं उठली आणि हातातली बाटली झाडाला ओतून आली. ते पाहून धाकटा "सरी, ठीक आहे" म्हणाला आणि प्यायचं पाणी दुसरीकडून आणायला त्यानंच फोन लावला. फार उपकार आहेत गं तुझे. तू होतीस तेव्हा हे म्हणायचं सुचलंच नाही.

मग मागून एकानं विचारलं, औषध पाण्यात येतंच कसं? कारखाने, दवाखाने, लघवीवाटे आपलं स्वतःचं शरीरसुद्धा, मी सांगत गेले. काही घरांत उरलेल्या गोळ्या मोरीत टाकतात, हेही सांगितलं. "असले अडाणी लोक कोण हो?" तो म्हणाला आणि सगळे हसले. मला तू दिसलीस. अप्पा गेल्यावर मोरीशी बसून त्यांची एकेक गोळी पाकिटातून काढणारी, कुणा पोराच्या, कुत्र्याच्या तोंडी लागू नये म्हणून वर बादलीभर पाणी ओतणारी. तू असतीस तर तिथंच म्हणाली असतीस, मीच ती. मी "असतात काही" म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. हे लिहिलेला कागद तुझ्या फोटोमागं ठेवणार होते. पण फोटो पुसताना कुणाच्या तरी हाती लागेल, म्हणून माझ्याजवळच ठेवतेय.