हद्द कोण चाललं

वसतिगृह, पुणे
ता. ८ जानेवारी १९६१

ती. गं. भा. सगुणाआत्यास,
जयसिंगचा सा. न. वि. वि.

आत्या, तुझा भाचा विद्यापीठात गाजला! आमच्या प्राध्यापकांनी ‘अन्याय आणि आपली माणसं’ असा कथाकथनाचा कार्यक्रम ठेवला होता. पुस्तकी भाषण नको, आपापल्या गावची गोष्ट उभं राहून सांगा, असं त्यांचं म्हणणं. मी आपल्या धरणाची सांगितली. गाव पाण्याखाली गेलं, माणसं वर टेकाडावर आली, नव्या जमिनीच्या हद्दीचा तंटा लागला, तेव्हा हैबतराव आजोबा डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन साहेबापुढे अनवाणी हद्द चालून गेले. खोटं चाललो तर हीच माती मला खाईल, असं म्हणाले. दोन मुली तर डोळे पुसत होत्या!

पहिलं बक्षीस मिळालं आणि गोष्ट विद्यापीठाच्या अंकात छापूनही आली. दोन प्रती पाठवतो आहे. एक आबांना दे, आपल्या वडिलांची गोष्ट वाचून ते फार खूश होतील. दुसरी तू स्वतः वाच, आता साक्षरतेच्या वर्गाला जातेस ना? अडखळलीस तरी हसणार नाही. इथली पोळी म्हणजे निव्वळ चामडं, तुझ्या हातच्या तांदळाच्या भाकरीची आठवण येते.

आहे तशीच माया ठेव, एवढंच मागणं.
तुझा जयसिंग


मुळशी
ता. १७ जानेवारी १९६१

चि. जयसिंगास सगुणाआत्याचा आशीर्वाद.

हितं समदी खुशाल हायेत. म्हस व्याली, रेडी झाली.

तुजी गोष्ट वाचली. बोट ठिवून ठिवून वाचली, दोन दिस लागले. आन मग वाटलं, कशाला मेलं वाचाया शिकले! आरं, तुजा आजा कवा चालला रं हद्द? तो जांभळीखाली पान खात बसला व्हता. चालला तो नथू. हद्द दावायचा मान गावात म्हाराचा, तो चालंल ती हद्द खरी, ही पिढ्यान्पिढ्यांची रीत. मी तवा धा वर्सांची, पोरींसंगट त्याच्या मागं पळत व्हते. मीच तर तुला मांडीवर घिऊन समदं सांगितलं. नथूच्या टकुऱ्यावरचं ढेकूळ उचलून आज्याच्या पागोट्यावर ठिवलंस, आन वर बक्षीस घेतलंस? वा रं वा! अन्यायाची गोष्ट सांगाया गेला, आन सांगता सांगताच अन्याव केला. एवढी अक्कल हितं शेरडं राखूनबी आली आसती.

आता म्होरलं ऐक. म्हारकीची वतनं सरकारनं मोडली, जो कसतो त्याच्या नावावर जमीन करून देत्यात. झऱ्याखालचं भाताचं खाचर नथूचं. हद्द चालला त्याच दिशी तुज्या आज्यानं समद्यांम्होरं ते त्याला वतन म्हणून लावून दिलं. कागुद न्हाई. तुजा बाप म्हणतो, खाचर आमचंच, माज्या बापानं सोता हद्द चालून राखलं. आजवर त्याला कोण इचारत नव्हतं. आता तुजा अंक काखंत मारून गावभर हिंडतोय, युनिवर्सिटीनं छापलंय म्हणतोय. इस फेबरवारीला पौडच्या कचेरीत तारीख हाय. नथूला दुसरी वीतभर जमीन न्हाई, समदं घर त्या खाचरावर जगतंय. तवा तू ये, आन साहेबाला सांग, की गोष्ट खोटी हाय.

माया हाय म्हणून बोलते. राग आला तर येऊ दे, पर तूबी ये.
सगुणा


वसतिगृह, पुणे
ता. २७ जानेवारी १९६१

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कान गरम झाले. नाव बदललं, हे खरं. पण आत्या, कथेतला माणूस एकटा नसतो, तो सगळ्यांच्या वतीनं उभा असतो, असं आमचे प्राध्यापक सांगतात. ‘माझे आजोबा’ म्हटलं की सभागृह हलतं. ‘आमच्या गावचा नथू’ म्हटलं असतं, तर कुणी मान वर केली नसती.

तरी चूक झाकणार नाही. योगायोगानं वीस तारखेलाच आमची दुसरी सभा आहे. तिथे सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून टाकतो. कचेरीत आबांपुढे उभं राहायला मात्र मला सांगू नकोस. त्यांचा राग तुला ठाऊक आहे, आणि तूही त्यांच्याच घरी राहतेस. तुझ्यापायी तरी मी गप्प बसलेलं बरं.

या भाच्याला पदराखाली घे.
जयसिंग


मुळशी
ता. २५ फेब्रुवारी १९६१

चि. जयसिंगास,

खुशाली लिहीत न्हाई, तुजीबी इचारत न्हाई. तुजं कार्ड काल आलं. खरं सांगितलंस म्हणं, समदं सभागृह उठून उभं ऱ्हायलं, टाळ्या थांबंनात, प्राध्यापकांनी मिठी मारली, आता नागपूरला धाडणार हायेत. लई झ्याक! खोट्याला बक्षीस, आन खोटं कबूल केलं त्यालाबी टाळ्या. तुज्यासारका नशिबवान तूच.

आरं, तितं खरं बोलाया काय लागतंय? जिथं कुणाचं खाचर जाणार न्हाई, जिथं बाप म्होरं बसल्याला न्हाई, तिथं मीबी हरिश्चंद्र! पुण्यात बसून उंटावरनं शेळ्या हाकतोस. त्या टाळ्यांनी नथूच्या खाचरात एक रोप तरी लागलं का?

हितं काय झालं ते सांगते. तुज्या बापानं साहेबाम्होरं अंक ठिवला. नथू खाली मान घालून उभा. तवा मीच पदर खोचून म्होरं झाले, म्हणाले, माजा भाऊ खोटं बोलतोय, मी डोळ्यांनी बघितलंय. साहेब मानूस बरा, पर म्हणाला, बाई, तुमी तवा धा वर्सांच्या, आन हे छापलेलं हाय. ज्यानं लिवलं त्यालाच आणा. चौदा मार्चची तारीख दिलीया, म्होरं दिनार न्हाई. तुज्या बापानं मला घरातनं काढली. गोठ्याच्या पडवीत चूल मांडलीया, म्हशीच्या संगतीनं बरी हाय. माज्यापायी गप्प बसायचं कारण आता तुला उरलं न्हाई.

चौदा तारखेला टाळी कोण वाजवणार न्हाई. यायचं तर ये. न्हाई आलास, तर मला आत्या म्हणून लिवायचं बंद कर.
सगुणा


पौड
ता. १४ मार्च १९६१

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मोटारीची वाट बघत हे लिहितो आहे. तू माझं उत्तर ऐकलंस आणि तडक निघून गेलीस, माझ्याशी बोललीही नाहीस. ते बरोबरच केलंस. पण तू गेल्यावर जे झालं ते तुला कळायला हवं.

साहेबानं अंक माझ्या हातात देऊन विचारलं ते तू ऐकलंसच. नाव माझं, गोष्ट माझी, पण हद्द आजोबा चालले नव्हते, नथूबाबा चालले होते, एवढं बोलायला मला किती वेळ लागला! विद्यापीठात एका दमात म्हणालो होतो. कारकून खुदकन हसला. साहेबानं जबानी लिहून घेतली, सही घेतली आणि खाचर नथूबाबांच्या नावावर करण्याचा हुकूम सांगितला. आबांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, की आजपासून मला एक मुलगा कमी. आत्या, मी रडलो. लाज वाटली नाही.

ही गोष्ट मी कुठल्याही सभागृहात सांगणार नाही, पण तुला सांगतो. बाहेर लिंबाखाली नथूबाबा उभे होते. मी जवळ गेलो आणि पाया पडायला वाकलो. ते दचकून दोन पावलं मागं सरले, हात जोडले, आणि घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले, की धाकल्या धन्यांनी असं करू नये, विटाळ होईल.

तुझा,
जयसिंग