पितळी साइड ड्रम कोणास द्यावा

मी, तातेराव रखमाजी खरात, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा बँडवादन, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार जुना जालना, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. माझ्यावर दडपण आणील असा माणूस या घरात जन्मलेला नाही.

१. दोन खोल्यांचे घर मुलगा सूरज यास. भिंती त्याच्या डीजेने आधीच तडकवल्या आहेत. दुरुस्ती त्यानेच करावी.

२. बँकेतील ठेव मुलगी दीपमाला, राहणार वाटूर, हीस. तिने कधी मागितली नाही, म्हणून.

३. बँडचा लाल कोट कोणासही देऊ नये. तो माझ्या अंगावर असावा.

४. साइड ड्रम. हा पितळी ड्रम मी तरुणपणी भंगाराच्या दुकानातून घेतला, कारण नवा परवडत नव्हता. पुढे नवाही परवडू लागला. दुकानात जाऊन वाजवून पाहिला, निव्वळ डबा. जुन्याच्या तळाच्या तारा काडी लागताच बोलतात. नव्याच्या तारांना विनंती करावी लागते.

सूरजने मला न विचारता त्याचे चामडे कापले, आत रंगीत दिवे बसवले व तो डीजेच्या गाडीवर टांगला. "बाबा, लई भारी दिसून राह्यलं," असे तो म्हणाला. हे वाक्य येथे मुद्दाम नोंदवतो. त्याच्या मुलांना बाप कळावा.

तो प्रकार पाहून गाडी अडवली ती सर्जेराव याने. हा समोरच्या बँडचा ड्रमवाला व माझा जुना वैरी. ड्रम घेऊन माझ्या दारात ओरडला, "तात्या, ह्याच्या पोटात दिवाळी करून राह्यलेत, अन् तू जित्ता हाईस?" मग खाली बसून त्याने दिवे उपटले, नवे चामडे भिजवून चढवले, सावलीत वाळवले आणि वाजवण्याआधी कागदाच्या जाळावर शेकले. हे सूरजला शिकवूनही आले नाही.

सर्जेरावचा डावा हात जड आहे. त्याची लय पुढे पळते. तरी ड्रम त्यालाच द्यावा. टांगायचा नाही, वाजवायचा. माझ्या अंत्ययात्रेत प्रथम तोच वाजेल. तेथे डीजे लागल्यास कलम १ रद्द समजावे.

स्थळ : जुना जालना
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५
सही : तातेराव रखमाजी खरात (अंगठा नव्हे)

साक्षीदार :
१. रामकिसन वाघमारे, निवृत्त शिक्षक
२. अंगद जाधव, किराणा दुकानदार, ऐनवेळी बोलावलेले

टीप : दुसरा साक्षीदार सर्जेराव होणार होता. ज्यास काही मिळायचे त्याने साक्षीला बसू नये, असे वकिलांनी सांगितले. म्हणून मी त्यास एवढेच म्हणालो, "तुझी सही नको मला. जा, बाहेर बस." तो ओट्यावर बसून मला शिव्या देत आहे. देऊ द्याव्यात. बाहेर बसवल्याचे कारण त्यास मी गेल्यावरच कळवावे.