पाणकराची बांधी

गोरेगावजवळून,
ऑक्टोबर १९५७

प्रिय देवचंद,

कुंदाला आणि लेकरांना आशीर्वाद. इकडे धान निसवायला आलं आहे आणि पावसानं दसऱ्याआधीच पाठ फिरवली. मुंबईहून तू इकडे गोरेगावच्या सभेला आलास, तेव्हा मला पाहिलंस की नाही, ठाऊक नाही. मी बायकांत बसून तुझं भाषण पुरतं ऐकलं.

पगाराचं मला काही वाटत नाही. मोठ्या हुद्द्याला मोठा पगार हवा, नाहीतर हुशार माणसं कंपन्यांत जातात आणि उरलेल्यांचे हात लाचेकडे वळतात, असं तू म्हणालास. असेल बाबा. मुंबईला राहायचं तर खर्चही तसाच. घे, तुला कोण नाही म्हणतं? पण दाखल्याला तुला आपला बापच सापडला का रे? आमचे वडील जन्मभर बिनपगारी पाणकर होते, तलावाचं पाणी गावाला वाटत फिरले आणि स्वतःची धानाची बांधी वाळवून बसले, अशा फुकटच्या कामानं राज्य चालत नाही, असं म्हणून तू हसलास. मग खुर्चीवरचे सगळे हसले. माझ्या शेजारी आपल्या गावच्या दुधरामची म्हातारी आई सावित्रीबाई होती, तिनं मान खाली घातली. मला शिसारी आली. पाठच्या भावाची शिसारी यावी, असा दिवस देवानं दाखवायला नको होता.

बांधी काऊन वाळली ते विसरलास, म्हणून सांगते. आपल्याकडे पाणकराचं वावर सगळ्यात शेवटी भिजतं. तलावाचं तोंड ज्याच्या हाती, त्यानंच आधी आपलं भिजवलं, कुंपणानंच शेत खाल्लं, तर दाद कोणाकडे मागायची? ज्यांनी तलाव बांधला त्या आपल्या पणजोबांनीच ही रीत घातली. तू चौथी पास झालास त्या साली पाणी आपल्या धुऱ्याच्या बांधाशी येऊन संपलं. बाबा तुला शाळेतून काढून गुरांमागे लावायला निघाले होते. तेव्हा ज्यांचं पिकलं त्यांनी सुपं भरभरून धान आणलं, आपल्या ओसरीत ओतलं, आणि पाणकराचा पोरगा शिकलाच पाहिजे म्हणाले. तुझं शिक्षण संपेपर्यंत आणत राहिले. बिनपगारी कसले? बाबांचा पगार तूच होतास. पहिलं सूप सावित्रीबाईचं होतं, आणि तिच्याच देखत तू हसलास.

आता तलाव सरकारचा झाला. परवा तुझ्या पाटबंधारे खात्याचा माणूस आला आणि साहेबांचं वावर म्हणून त्यानं पहिलं पाणी आपल्या बांधीत सोडलं. तू सांगितलंस म्हणून केलं की त्यानं आपल्या मनानं, ते मी विचारत नाही. गाव धुऱ्यावर उभं राहून पाहून राहिलं होतं. विधवा होऊन माहेरी आले तेव्हापासून ते वावर मीच करते, म्हणून मीच फावडं उचललं. बांधीचं तोंड मातीनं बुजवलं आणि पाणी सावित्रीबाईच्या वावराकडे वळवलं. तलावात पाणी थोडं आहे, यंदा आपल्यापर्यंत पोचायचं नाही. म्हणून हे पत्र. दर साली दिवाळीनंतर तुला घरचा तांदूळ पाठवते, तो यंदा येणार नाही. तुझा पगार मोठा आहे, बाजारातून विकत घे.

तुझीच मोठी बहीण,
सुलोचना